ऐकीव रक्तगट

चिपळूणला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय पाहिलंत तिकडे? माणूस मराठवाड्यात गेला की लेणी पाहून येतो, अशी आमच्याकडची समजूत. मी लेणी पाहिली नाहीत. जालना जिल्ह्यात एका शिक्षिकेच्या बोलावण्यावरून गेले, चार गावांत फिरले, आणि जे पाहिलं ते ओट्यावर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून बसून लिहिते आहे.

बोलावणाऱ्या शिक्षिकेचं नाव सुजाता. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा सुट्टीत विज्ञानाच्या शिक्षकांसाठी शिबिरं घेत असे. त्यातल्या एका शिबिरात ती आली होती. तेव्हापासून फोन चालू. कांद्याची पेशी रंगवायला शाळेत रंग नाही, काय वापरू? पोरं विचारतात, डास मेल्यावर त्याचं रक्त कोणाचं म्हणायचं? असले तिचे प्रश्न असत, आणि मला ते फार आवडत. या वेळी मात्र तिने काहीच विचारलं नाही. "मॅडम, दिवाळीच्या आधी येता का? फोनवर सांगण्यासारखं न्हाई," एवढंच म्हणाली.

जालना

स्टेशनबाहेर पडल्यावर आधी दिसतात त्या बियाण्यांच्या जाहिराती. कापूस, मका, मिरची, भेंडी. माणसाएवढं कणीस हातात धरून हसणारा शेतकरी आणि खाली वाणाचं नाव. हे शहर बियाण्यांवर आणि लोखंडाच्या कारखान्यांवर चालतं. आमच्याकडे भिंतीवर नाटकाची आणि आंब्याच्या पेट्यांची जाहिरात असते. इथे भिंतीभिंतीवर आनुवंशिकता लिहिलेली. रिक्षावाल्याला सहज विचारलं, संकरित कापसाची सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर? तो म्हणाला, एक झाड असं निघतं, एक तसं, भरवसा न्हाई. मी वर्गात हे शिकवायला दोन तास घेत असे.

सुजाता स्टेशनवर आली होती. पूर्वीपेक्षा बारीक झालेली. माझी पिशवी तिने ओढूनच घेतली. पिशवीत माझा जुना सूक्ष्मदर्शक होता, तिच्या शाळेला द्यायला आणलेला. अंबडच्या एसटीत तो वरच्या फळीवर ठेवला आणि गाडीने पहिला मोठा खड्डा घेतला तेव्हा तो खाली आला. नळी वाचली, खालचा आरसा फुटला. कंडक्टरने काचा उचलायला मदत केली आणि विचारलं, दुर्बीण होती का. मी हो म्हटलं. इतका वेळ सुजाता खिडकीबाहेर पाहत होती. एरवी तिने कंडक्टरला सूक्ष्मदर्शक म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय सोडलं नसतं.

बाहेर सोयाबीन काढून झालेली काळी रानं, मधे बोंडं फुटलेला कापूस, आणि अचानक मोसंबीची गर्द हिरवी बाग. आमच्या तांबड्या मातीला डोळा सरावलेला, त्यामुळे ही काळी जमीन मला दरवेळी ओली वाटते. ती ओली नव्हती. भेगा पडल्या होत्या.

अंबड

स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही मिरचीची भजी आणि चहा घेतला. इथल्या चहात साखर इतकी की आमच्याकडे तेवढ्यात तीन कप होतील. तिथे, बशीकडे बघत, सुजाताने सगळं सांगितलं.

दहावीच्या वर्गाला ती आनुवंशिकता शिकवत होती. पुस्तकातल्या प्रयोगातला वाटाणा या पोरांनी पाहिलेला नाही असं नाही, पण त्यांना स्वतःबद्दल काही कळावं म्हणून तिने सांगितलं, घरच्यांचे रक्तगट विचारून या. नियम तिने आधीच समजावला होता. प्रत्येक माणसाकडे रक्तगटाचे दोन घटक असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. पोराला तो त्यातला एकच देतो. ओ गटाच्या माणसाकडे दोन्ही ओ, तेव्हा तो ओच देणार. एबी गटाच्या माणसाकडे एक ए, एक बी, तेव्हा तो यातलं एक देणार. ओ आणि एबी यांचं मूल ए होईल किंवा बी होईल. ओ होणार नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चौकट मांडायला तिने वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी उठवली. वैष्णवी. आई ओ, वडील एबी, स्वतः ओ. वैष्णवीने चौकट मांडली, चारही घरं भरली, आणि खाली 'ए, बी' लिहून ती थांबली. खडू हातात तसाच. तिला कळलं होतं. सुजाताच्या ते लक्षात यायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं, कारण नियम सगळ्या वर्गाला नीट समजला होता.

"इतका चांगला शिकवला होता मी तो धडा, मॅडम," सुजाता म्हणाली.

तिने लगेच फळा पुसला, सांगितलं की कोणाचा तरी गट चुकीचा नोंदला असणार, असं नेहमी होतं. पण पोरं घरी गेली. संध्याकाळपर्यंत गावात पोचलं. वैष्णवीच्या आजीने सुनेला जाब विचारला. सुनेचं नाव मंगल. आठवड्याच्या आत मंगल लेकीला घेऊन अंबडला आपल्या विधवा आत्याकडे आली होती. वैष्णवी शाळेत येत नव्हती. आणि संस्थेच्या सचिवांनी सुजाताला बोलावून सांगितलं होतं की तो धडा पुन्हा वर्गात निघता कामा नये.

मी विचारलं, तिघांपैकी तपासलेले गट कोणाचे? सुजाताने हाच प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की उत्तर तयार होतं. मंगलला बाळंतपणात रक्त चढवलं होतं, तेव्हा तिचा गट पक्का. वैष्णवीचा शाळेच्या आरोग्य तपासणीत झाला होता, आणि सुजाताने तो स्वतः पुन्हा करून घेतला होता. राहिले वडील, दत्ता. त्यांचा कोणी तपासला, कुठे तपासला, कोणालाच माहीत नव्हतं. विचारायला सुजाता गेली तर तिला अंगणातच थांबवलं आणि पुन्हा पाय ठेवू नको म्हणून सांगितलं.

"तुम्ही बाहेरच्या. वयानं मोठ्या," ती म्हणाली. "तुम्हाला न्हाई हाकलणार."

तीर्थपुरी

सुजाताचं घर तीर्थपुरीच्या बाजारापासून जवळ आहे. कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, खाली पोरांच्या प्रयोगवह्यांचा ढीग. तिचे वडील प्राथमिक शिक्षक होते, आता नाहीत. आईने येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी केली होती. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ आमटीत पडलं की जो दाट खमंग वास येतो, तो आमच्या नारळाच्या जेवणात नाही. भाकरी कुस्करून वर आमटी घ्यायची असते. मी भातासारखी कालवायला गेले तर त्यांनी हसून ताट स्वतःकडे ओढलं आणि कुस्करून दिलं. त्या घरात मी ऐकलेलं ते एकच हसू.

जेवताना त्यांनी सांगितलं की त्या गावात आता एकच बोलणं आहे, त्यांच्यातल्या मॅडमनं आपल्यातलं घर मुद्दाम मोडलं. 'त्यांच्यातल्या' म्हणताना त्या थांबल्या नाहीत, मला समजावलंही नाही. समजावण्याची गरजही नव्हती. "इतकी वर्षं हिच्या हातून पोरं पास होऊन राह्यली, तवा ही गावाची होती," त्या म्हणाल्या आणि मला आणखी अर्धी भाकरी वाढली.

सकाळी सुजाताबरोबर शाळेत गेले. गावाचं नाव लिहीत नाही. पत्र्याच्या छताची लांब इमारत, समोर कडुनिंब. मुख्याध्यापकांनी मला फार आदराने बसवलं आणि तितक्याच आदराने सांगितलं की पेशीवर बोला, प्रदूषणावर बोला, दुसरं नको. मी पेशी दाखवली. आरसा फुटला होता म्हणून खालून मोबाईलचा दिवा धरला. कांद्याचा पापुद्रा, विटांच्या भिंतीसारख्या पेशी, आणि एकेक मूल डोळा लावून बाजूला होताना थोडं गप्प होत होतं. हा क्षण पाहायला मी कुठेही जाईन.

मग मी त्यांना दोरीचा एक तुकडा दिला आणि त्याची लांबी मोजायला सांगितली. बहुतेकांनी मोजली. दोघांनी शेजाऱ्याचं पाहून सांगितली, आणि शेजारी चुकला होता. कोणाची चूक, यावर वाद झाला. मी सांगितलं, विज्ञानात शंका घ्यायची ती आधी मापावर. हे कोणी मोजलं, कशानं मोजलं, की नुसतं ऐकलं? धड्याचं नाव मी घेतलं नाही, पण पोरांना कळत होतं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, पुस्तकातला नियम खोटा असतो का. मी म्हटलं, नियम खरा आहे. नियमात आपण जे घातलं ते न तपासता घातलं तर बाहेर येतं तेही तसंच. ती खाली बसली. मागचे बाक जमिनीकडे पाहत होते. वर्गाच्या दारात मुख्याध्यापक उभे होते.

दत्ताचं रान

दुपारी मी एकटी गेले. सुजाताने लांबून वाट दाखवली आणि ती वळली. दत्ता मोसंबीच्या बागेत झाडांना आळी करत होता. पस्तिशी-चाळिशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. मी कोण ते सांगितलं तरी तो रागावला नाही. झाडाखाली पोतं अंथरून मला बसायला दिलं आणि मोसंबं सोलून हातात ठेवलं. मला वाईट माणूस भेटेल अशी तयारी करून मी गेले होते, आणि हा तसा नव्हता. त्यामुळे जास्तच कठीण झालं.

मी विचारलं, तुमचा रक्तगट एबी हे तुम्हाला कोणी सांगितलं?

त्याला आठवायला वेळ लागला. मग म्हणाला, गाडीचं लायसन काढायला गेलतो तेव्हा एजंटनं विचारलं. "माझ्या पुढं आमचा चुलतभाऊ होता. त्यानं एबी सांगितला. मी म्हणलं, माझा बी तोच."

रक्त काढलं होतं का?

"न्हाई. कशाला काढतेत?"

तो बोलून गेला आणि मग आपणच काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. हातातली मोसंबीची साल तो बराच वेळ मोडत राहिला. गावानं बोलायला सुरुवात केली, आई बोलायला लागली, आपण मात्र मंगलला एक शब्द बोललो नाही, असं तो म्हणाला. हे त्याला आपल्या बाजूचं वाटत होतं.

तपासलं तर काय निघेल, असं त्याने विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. एबीच निघाला तरी त्यावरून बायकोला दोष देता येणार नाही, क्वचित अशीही रक्तं असतात की जिथे साधा नियम लागू पडत नाही, हेही सांगितलं. त्याला तेवढं ऐकायचं नव्हतं. तो उद्या येतो म्हणाला.

पुन्हा अंबड

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाजारातल्या एका लहान तपासणी केंद्रात एका मुलीने त्याच्या बोटाला सुई टोचली आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब घेतले. एका थेंबात ए ओळखणारं निळं औषध टाकलं, एकात बी ओळखणारं पिवळं. निळ्यातलं रक्त तसंच सपाट राहिलं. पिवळ्यातलं नासलेल्या दुधासारखं फुटलं, लहान लहान गुठळ्या झाल्या. मुलगी म्हणाली, बी.

दत्ता म्हणाला, परत करा. तिने परत केलं. तेच.

मी त्याला समजावलं. बी गटाच्या माणसाकडे एक बी आणि एक ओ असू शकतो. तो ओ लेकीला गेला, आईकडून ओ आलाच होता. चौकट जुळली. तो पायरीवर बसला आणि हातांनी तोंड झाकून रडला. मग उठला, समोरच्या दुकानातून पेढे घेतले आणि म्हणाला, चला.

मंगलच्या आत्याची खोली स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. मंगल एका मुलींच्या खाणावळीत पोळ्या लाटायला जात होती, नुकतीच परत आली होती. कोपरापर्यंत पीठ होतं. वैष्णवी आतल्या दाराला टेकून उभी. सुजाताही आली होती. दत्ताने उंबऱ्याच्या आत पेढ्यांचा डबा ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. लायसन, चुलतभाऊ, थेंब, बी. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला बघवेना.

मंगलने ऐकून घेतलं. मग ती त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलली.

"बाई, आता पक्कं झालं का, पोरगी याचीच म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुजाता माझ्याकडे पाहत होती, बहुधा मी ते खोटं बोलावं म्हणूनच. मी म्हटलं, रक्तगटानं पक्कं होत नाही. असू शकते, एवढंच कळतं. आधी जे अशक्य वाटलं होतं ते चूक होतं, इतकंच आज ठरलं.

"म्हंजे उद्या दुसरं काही निघालं, नाक निघालं, डोळे निघाले, तर मी पुन्हा पिशवी उचलायची."

दत्ता म्हणाला, तसं बिलकुल होणार नाही, मी कधी काही बोललोय का तुला.

"तेच," मंगल म्हणाली. "न्हाई बोलले. मी तुमच्या आईपुढं उभी राहून सांगितलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तुम्ही तिथंच होते. माझं तोंड खोटं, आन् आज थेंबभर रक्त खरं. त्या रक्तालाच घेऊन जा घरी."

आवाज चढवला नाही तिने. डबा उचलून त्याच्या हातात दिला आणि हात धुवायला आत गेली. दत्ता उंबऱ्यावरून मागे सरला. मग डबा घेऊन गेला.

परतल्यावर सुजाताच्या फोनवरून जे कळलं ते इथेच सांगून टाकते. मंगल गेली नाही. दत्ता मधूनमधून मोसंबी आणून दारात ठेवतो, आणि ती लेकीला ती खाऊ देते. स्वतः शिवत नाही. गावात आता असं म्हणतात की तपासणीवालीला मॅडमनं आधीच पटवून ठेवलं होतं. लायसन काढताना ऐकून सांगितलेल्या गटावर गावाने एकाच संध्याकाळी विश्वास ठेवला. डोळ्यांसमोर दोनदा तपासलेला गट त्यांना खोटा वाटतो. सुजाताकडून विज्ञान काढून घेतलं आहे. सचिवांनी तिला लहान वर्गांचा भूगोल दिला. माझा सूक्ष्मदर्शक कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आता तिच्याकडे नाही. तिने हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नकाशे काढायला तिला आवडतं, असं म्हणाली. तिचा आवाज ओळखत असल्यामुळे मला ते ऐकवलं नाही.

निघायच्या दिवशी मला सोडायला स्टँडवर सुजाता आणि वैष्णवी दोघी आल्या. सुजाता पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा मी आणि ती मुलगी एका बाकावर बसलो. इथे अंबडला शाळेत नाव घातलंय, पुढे कॉमर्स घेणार आहे, असं तिने सांगितलं. हिशोबात घरचं काही विचारत न्हाईत, ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तिने नीट विचार करून ठरवलं होतं, आणि तेच मला लागलं. अशा विद्यार्थिनी शिक्षकाला सारख्या मिळत नाहीत.

मग तिने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी मी फळ्यावर चौकटीखाली ओ लिहून टाकलं असतं तर?"

मी म्हटलं, "तू बरोबर लिहिलंस."

"ते मला माहितीय," ती म्हणाली. "मी ते न्हाई विचारलं."

जालन्याची गाडी लागली होती. सुजाता बाटली घेऊन येत होती. मी उठले, पिशवी घेतली आणि गाडीत जाऊन बसले.